परभणीच्या ताईंना: सफरचंद कधी घ्यावं, कसं बघावं

परभणीहून एका ताईंनी विचारलंय. घरात सहा माणसं, दर आठवड्याला दोन किलो सफरचंद येतं. दुकान तेच, भाव तोच, रंगही तोच लालभडक. तरी एखाद्या आठवड्यात पोरं ताटली रिकामी करतात आणि पुढच्याच आठवड्यात एक घास घेऊन फोड तशीच ठेवून देतात. पीठ खाल्ल्यासारखं लागतं म्हणतात. असं का होतं? वरच्या मेणाची भीती आहे. यंदा महालक्ष्म्यांना अख्खी पेटीच घ्यावी का, असा विचार चाललाय. आणि घरात दीड वर्षाची लेक आहे, दात गेलेल्या सासूबाई आहेत, त्या दोघींना हे फळ कसं द्यावं?

ताई, मी लातूरला गेली ३४ वर्षं फळांचा धंदा करतो. आधी वडिलांच्या हातगाड्यावर उभा राहिलो, मग गाळा घेतला. सफरचंदाच्या किती पेट्या या हातांनी फोडल्या त्याचा हिशोब नाही. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारी गिऱ्हाइकं मला दर उन्हाळ्यात भेटतात, आणि त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो की सफरचंदाला हंगाम असतो. ऐकायला साधं वाटतं, पण आपण ते पार विसरलोय. जानेवारीत कुणी केसर आंबा मागत नाही. मे महिन्यात कुणी सीताफळ शोधत नाही. सफरचंद मात्र बाराही महिने गाड्यावर दिसतं, म्हणून ते बाराही महिने सारखंच असणार, असं आपण धरून चालतो.

त्यात आपल्याकडे हे फळ घरात आलं तेच दवाखान्याच्या वाटेने. माझ्या लहानपणी सफरचंद म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना कागदी पिशवीत न्यायचं अर्धा किलो. पेरू, बोरं, सीताफळं रानातून यायची, पोरं झाडावर चढून खायची; सफरचंद तेवढं खाटेशेजारच्या स्टुलावर. औषधासारखं खायचं फळ असल्यामुळे ते कसं लागतं हे कुणी विचारलंच नाही. आज चांगलं फळ कुठलं, हे आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसालाही सांगता येत नाही, त्याची सुरुवात तिथे आहे असं मला वाटतं.

आता तुमचं पिठूळ फळ. सफरचंदाचा गर म्हणजे रसाने भरलेल्या अगदी बारीक पिशव्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्यांना चिकटवून ठेवतं ते पेक्टिन. ताज्या फळात ही पकड इतकी घट्ट असते की दात लावला की पिशव्या फुटतात, कर्रकन आवाज येतो आणि तोंडभर रस होतो. फळ जुनं व्हायला लागलं की पेक्टिन विरघळत जातं. मग दाताखाली त्या पिशव्या फुटत नाहीत, नुसत्या सुट्या होतात, आणि रस त्यांच्या आतच राहतो. कोवळा हुरडा आठवा. दाणा दाताखाली फुटला तर दूध. न फुटता गिळला तर चव कुठली? पिठूळ सफरचंदात पाणी कमी झालेलं नसतं. १०० ग्रॅम फळात ८५ ग्रॅमच्या आसपास पाणी असतंच, ते तुमच्या पोरांच्या जिभेला लागत नाही एवढंच.

हे होतं दोन कारणांनी, वय आणि ऊन. झाडावरून तोडलेलं सफरचंद मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्याच वायूने स्वतः पिकत जातं. थंडीत हे काम फार सावकाश चालतं, आपल्याकडच्या उकाड्यात धावत सुटतं. कोल्ड स्टोरेजमध्ये आठवडाभरात फळ जेवढं म्हातारं होतं, साधारण तेवढं ते आपल्या हवेत एका दिवसात होतं. परभणीत भर ऑक्टोबर हीटमध्ये उन्हात उभ्या हातगाड्यावरचं फळ आणि त्याच पेटीतलं सावलीतलं फळ, दोन दिवसांनी दोन वेगळ्या गावची वाटतात. त्यातच दुकानदार काय करतो, आज फोडलेल्या पेटीचा माल परवाच्या उरलेल्या मालावर रचतो. मीही रचलाय. म्हणून भाव विचारायच्या आधी ‘ही पेटी कधी फोडली?’ हे विचारत जा. ज्याला उत्तर द्यायचंय तो देतो. जो टाळतो, त्याच्याकडून त्या दिवशी केळी घ्या.

रंगाचं बोलायलाच हवं, कारण लाल रंगाने आपल्याला सगळ्यांत जास्त फसवलंय. आपल्याकडे सर्वाधिक येतं ते डेलिशियस जातीचं फळ. ही जात मूळची अमेरिकेतली. हिमाचलात कोटगढला राहिलेल्या सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने १९१६ च्या सुमाराला तिची रोपं आणून लावली. पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगातही गेले. त्याआधी कुल्लूकडे इंग्रजांनी लावलेली सफरचंदं होती, पण ती आंबट. आपल्या लोकांच्या जिभेला रुचलं ते हे गोड फळ. या जातीत अधूनमधून एखाद्या फांदीला जास्त लाल फळं लागतात, आणि बागवाले तीच कलमं पुढे वाढवत गेले, कारण लाल माल आधी विकला जातो. शंभर वर्षं निवड झाली ती रंगाची. त्यामुळे आताच्या काही जाती कच्च्या असतानाच लाल होतात. पूर्वी फळाच्या लालीखालचा हिरवा रंग पिवळट झाला की पिकलं हे कळायचं. आता अंगभर लाली असते, खालचं दिसतच नाही. म्हणून अंगभर गडद लाल फळापेक्षा पट्ट्यापट्ट्याचं, एका बाजूला पिवळसर झाक असलेलं फळ मला घरी न्यायला आवडतं. ते निदान मला काहीतरी सांगतं तरी.

हंगाम ओळखायला महिने पाठ करायची गरज नाही, आपले सण पुरेत. आषाढी एकादशीच्या आसपास, जुलैत, हिमाचलच्या खालच्या पट्ट्यातलं लवकरचं फळ सुरू होतं. लवकर आणलं की भाव चांगला मिळतो, म्हणून त्यातलं बरंचसं घाईने तोडलेलं असतं. ते घेऊ नका. उपवासाला केळी आहेतच. श्रावणात रॉयल, म्हणजे डेलिशियसचाच एक प्रकार, यायला लागतो आणि पोळ्यापासून महालक्ष्म्यांपर्यंत हिमाचलचा माल भरात असतो. काश्मीरचं लवकरचं गालाही साधारण तेव्हाच येतं, लहान, गुलाबी पट्ट्यांचं, गोड. नवरात्रापासून खरी मजा सुरू होते. काश्मीरचं डेलिशियस आणि कुल्लू डेलिशियस येतं, आणि हिमाचलात उंचावरच्या किन्नौरचा माल उतरतो. किन्नौरचं फळ हातात घेतलं की दगडासारखं टणक, जड; रात्रीची कडक थंडी आणि दिवसाचं स्वच्छ ऊन यांनी त्याला रंगही येतो आणि गोडीही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे जे तीनेक आठवडे आहेत, त्यांत वर्षभराचं सफरचंद मनसोक्त खाऊन घ्यावं असं माझं मत आहे. काश्मीरची स्वतःची एक जुनी जात आहे, अंबरी. उशिरा येते, वास असा की खोली भरून जावी, टिकतेही फार. आता तिच्या बागा थोड्याच राहिल्यात आणि आपल्यापर्यंत ती क्वचित पोचते. कुठे दिसली तर भाव करत बसू नका.

संक्रांतीपर्यंत साठवलेलं फळही ठीक निघतं. होळीनंतर जे भारतीय सफरचंद मिळतं ते सीए स्टोरेजमधलं, म्हणजे हवा आणि थंडी ताब्यात ठेवणाऱ्या गोदामातलं. त्या गोदामात शून्य ते एक अंश थंडी ठेवतात आणि हवेतला ऑक्सिजन, जो एरवी २१ टक्के असतो, तो दोन-तीन टक्क्यांवर आणतात. फळाला जणू झोपवून ठेवतात. सहा-आठ महिने ते टिकतं आणि त्यात फसवणूक काही नाही, चांगली सोय आहे ती. पण बाहेर काढून मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये आणलं की झोप मोडते आणि फळ भराभर उतरतं. तुमच्या पोरांनी टाकलेली फोड बहुतेक अशाच फळाची असणार. त्या दिवसांत न्यूझीलंड किंवा चिलीचं गाला मिळालं तर ते आपल्या साठवलेल्या फळापेक्षा नवं असतं, कारण तिकडे तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. महाग पडतं. मला विचाराल तर होळीनंतर सफरचंद बाजूला ठेवा. टरबूज, खरबूज आहे, पुढे केसर येतो. आपल्या मातीतलं फळ हंगामात असताना थकलेलं सफरचंद दुप्पट भावाने कशाला घ्यायचं?

निवडताना मी काय बघतो? आधी वजन. सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत घ्यायची, जड लागेल ते घ्यायचं. मग देठ: हिरवट आणि लवचीक असेल तर तोडून फार दिवस झाले नाहीत, सुकून काडी झाली असेल, किंवा देठाभोवतीच्या खळग्यात बारीक सुरकुत्या असतील, तर फळ बराच प्रवास करून आलंय. मग बोटाने टिचकी. भरीव, टणक आवाज आला तर बरं. बद्द आवाज आला तर परत ठेवा. वास देठाकडे घेऊ नका, उलट्या बाजूच्या खळग्याचा घ्या, तिथे तो जास्त कळतो. आणि एक हात जोडून विनंती, अंगठ्याने दाबून बघू नका. दाबलेल्या जागी लगेच काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग पडतो, आणि ते फळ कुणातरी दुसऱ्याच्या घरी जातं. दोन किलो घेणार असाल तर ‘एक कापून दाखवा’ म्हणा. आमच्यातले बहुतेक जण कापतात. कापल्यावर बिया बघा: पांढऱ्या असतील तर फळ कच्चं तोडलंय, तपकिरी असतील तर वेळेवर. बियांभोवती काचेसारखा पारदर्शक भाग दिसला तर घाबरू नका. त्याला आम्ही पाणी धरलेलं म्हणतो. ते उलट जास्त गोड लागतं, फक्त टिकत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांत संपवा.

आकाराबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. मोठं फळ घेऊ नका. पूजेला पाच मोठी घ्या, शोभून दिसतात, पण खायला मध्यम किंवा लहान घ्या. मोठ्या फळाच्या त्या आतल्या पिशव्याही मोठ्या असतात, ते लवकर मऊ पडतं. लहान फळ जास्त करकरीत असतं, जास्त टिकतं, स्वस्त मिळतं आणि पोराच्या मुठीत मावतं. हिमाचलच्या मालात सगळ्यांत बारीक आकाराला पित्तू म्हणतात. चांगल्या बागेचा पित्तू मिळाला तर मी तोच घरी नेतो. माझी नातवंडं अख्खं फळ हातात धरून दातांनी तोडून खातात आणि फक्त देठ परत आणून देतात. मोठ्या फळाच्या आठ फोडी ताटलीत ठेवल्या तर त्यातल्या तीन काळ्या पडतात.

एकदा मी स्वतः फसलो, ते सांगतो म्हणजे तुम्हाला खूण पटेल. बारा-तेरा वर्षं झाली असतील. महालक्ष्म्यांच्या आधी मागणी चढलेली, आणि बाहेरच्या एका व्यापाऱ्याने नवा हिमाचल म्हणून दीडशे पेट्या पाठवल्या. रंग सुरेख, अंगावर चकाकी. घाईत मी वरचा थर बघितला आणि माल उतरवून घेतला. सणाच्या दुसऱ्या दिवशी एक आजीबाई कापलेलं फळ पदरात बांधून घेऊन आल्या. म्हणाल्या, “बाबा, लक्ष्मीपुढं ठिवलं म्या हे. खाऊन तर बघ.” खाल्लं. मागच्या वर्षीचा गोदामातला माल होता तो, पीठ झालेला. आजींचे पैसे परत केले. ज्यांची ज्यांची आठवण होती त्यांच्या घरी पुढच्या आठवड्यात चांगलं फळ पाठवलं. पण देवापुढे ठेवलेलं फळ कसं परत करणार? त्या वर्षापासून ऑगस्टमध्ये मी चकाकी बघत नाही. नव्या हंगामाचं पहिलं फळ जरा निस्तेज असतं, त्यावर पांढरट धुरकट थर असतो, हिरवी झाक असते, देठ ताजा असतो. त्या दिवसांत आरशासारखं चमकणारं आणि काडीसारख्या देठाचं फळ दिसलं तर ते गेल्या वर्षीचं असू शकतं, एवढं लक्षात ठेवा.

चकाकीवरून मेणाकडे येतो. तो जो पांढरट धुरकट थर म्हणालो, ते फळाचं स्वतःचं मेण. झाडावर असतानाच सफरचंद ते तयार करतं, आतलं पाणी उडू नये म्हणून. सुरीने खरवडलं की पांढरी भुकटी निघते, ती दाखवून ‘बघा विष’ म्हणणारे व्हिडिओ फिरतात. ते मेण बऱ्याचदा फळाचंच असतं. प्रतवारी करताना फळ धुतलं की हा थर जातो, मग त्यावर वरून मेण देतात. मधमाशांचं मेण, कारनौबा नावाच्या ताडाच्या पानांचं मेण किंवा लाखेपासून केलेलं शेलॅक, याला आपल्याकडे नियमाने परवानगी आहे, मात्र तसं लेबलवर लिहायला हवं. अशा मेणाचं पोटात काही होत नाही, ते पचत नाही, बाहेर पडतं. ज्यांना लाखेचं चालत नाही त्यांनी चकचकीत फळ सोलून खावं. हंगामात पेंढ्यात किंवा कागदात येणाऱ्या साध्या पेटीतल्या फळावर सहसा वरचं मेण नसतंच. फवारणीचा अंश मात्र सालीवर राहू शकतो, त्याची काळजी मला मेणापेक्षा जास्त वाटते. एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून त्यात फळं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग नळाखाली हाताने चोळून धुवा. साबण लावू नका. धुवायचं ते खायच्या वेळी. धुऊन ठेवलेलं फळ लवकर खराब होतं.

स्टिकरवरूनही लोक मला रोज विचारतात. चार आकडी नंबर म्हणजे नेहमीच्या पद्धतीने पिकवलेलं, नऊने सुरू होणारा पाच आकडी म्हणजे सेंद्रिय. त्यातून गोडी कळत नाही आणि ताजेपणाही कळत नाही.

पेटीचं म्हणाल तर महालक्ष्म्यांना घेऊ नका. तेव्हा हवा दमट असते, घरात पाहुणे, फ्रिजमध्ये नैवेद्याचं सामान, आणि सोळा भाज्या आणायच्या त्या वेगळ्या. पेटी कोपऱ्यात पडून राहील. सणापुरती तीन-चार किलो हिमाचलची घ्या. पेटी घ्यायची ती दसरा झाल्यावर, किन्नौरची किंवा काश्मीरची. काश्मीरच्या लाकडी पेटीत साधारण १६ ते १८ किलो माल असतो. हिमाचलात २०२४ च्या हंगामापासून सरकारने एकाच मापाचा युनिव्हर्सल कार्टन सक्तीचा केला, त्यात २० किलोच्या आसपास बसतो. आधीच्या खोक्यांत दाबून दाबून कितीही भरायचे आणि खालच्या थरातली फळं चेपायची. सहा माणसांच्या घराला एवढं एकदम लागत नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून पेटी घ्या, ठोक बाजारात जा आणि पैसे द्यायच्या आधी तळापर्यंत बघा. वरच्या थरात मोठी, लाल, खाली बारीक आणि हिरवी, हा प्रकार जुना आहे. एखाद्या वर्षी भाव अचानक चढले तर दुकानदारावर चिडण्याआधी रस्त्याची बातमी बघा. देशातल्या दर चार सफरचंदांतली जवळपास तीन काश्मीरची, आणि ती यायची वाट म्हणजे जम्मू-श्रीनगर महामार्ग. २०२५ च्या सप्टेंबरात दरडी कोसळून तो बरेच दिवस बंद राहिला, ट्रकमध्येच माल सडला. मग बडगामहून दिल्लीला सफरचंदांसाठी पार्सल रेल्वे सोडावी लागली. बागवाल्याचं वर्षाचं उत्पन्न असं रस्त्यावर उभं राहिलेलं वाचलं की मला आपल्याकडचा अवकाळीत भिजलेला सोयाबीन आठवतो.

पेटी घरी आली की सगळी फळं बाहेर काढून बघा. एक सडकं फळ शेजारच्यांनाही घेऊन जातं. ते इथिलीन जास्त सोडतं, बाकीची लवकर पिकतात. डागी आधी खायची. निवडलेली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दोन-चार भोकं पाडलेल्या पिशवीत. चांगलं किन्नौर असं महिनाभर सहज राहतं. कोथिंबीर, मेथी, काकडी त्याच कप्प्यात ठेवू नका, त्या वायूने पिवळ्या पडतात, आणि गाजर कडू होतं. फ्रिजमध्ये जागा नसेल तर एकेक फळ कागदात गुंडाळून टोपलीत, घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत, जमिनीवर. पण मग आठवड्याच्या आत संपवायचं. केळी कच्ची निघाली तर मात्र मुद्दाम एक सफरचंद त्यांच्यासोबत पिशवीत बांधून ठेवा, दोन दिवसांत पिकतात.

तरीही एखादं पिठूळ निघालंच तर टाकू नका. शिऱ्याला ते करकरीत फळापेक्षा बरं, तुपात किसून परतलं की लगेच मऊ होऊन रव्यात मिसळतं. कोशिंबिरीला मात्र करकरीतच हवं: बारीक फोडी, घट्ट दही, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, वर जिरं-मिरचीची फोडणी. डब्यात फोडी द्यायच्या असतील तर मिठाच्या पाण्यातून काढा किंवा लिंबू चोळा, काळ्या पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट. सफरचंद आवडीसाठी खा, औषध म्हणून नको. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं, सफरचंदात पाचच्या आसपास. सालीसकट खाल्लं तर चोथा चांगला मिळतो, रस काढला की तोही जातो. सफरचंद भरात असतानाच बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ बाजारात येतं. माझ्या घरी त्या दिवसांत दोन्ही टोपल्या शेजारी शेजारी असतात, आणि पोरांचा हात आधी कुठे जाईल हे सांगता येत नाही.

आपल्या अंगणात सफरचंद लावावं का, हेही लोक विचारतात. नेहमीच्या जातींना हिवाळ्यात हजारच्या वर तास सात अंशांखालची थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत येणारी एचआरएमएन-९९ ही जात काढली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. हौसेने एक-दोन झाडं जरूर लावा. त्यावर कर्ज काढून एकरभर बाग करू नका, एवढं कळकळीने सांगतो.

आता लेक. दीड वर्षाच्या बाळाच्या हातात कच्ची फोड देऊ नका, तुकडा घशात अडकतो. बारीक किसून किंवा इडलीपात्रात वाफवून, साल काढून, चमच्याने द्या, तेही मांडीवर बसवून. खेळता खेळता नको. बी एखादी गिळली गेली तर काही होत नाही, पण मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका.

सासूबाईंसाठी मात्र किसणी नको, वाफही नको. त्याने वास जातो. सफरचंद आडवं अर्धं कापा, बिया काढा, अर्धी वाटी त्यांच्या हातात द्या आणि सोबत स्टीलचा छोटा चमचा. चमच्याने खरवडत खायचं. गर रसासकट बारीक होऊन येतो, दात लागत नाहीत, आणि दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यावं लागत नाही. माझे वडील शेवटची सहा-सात वर्षं असंच खायचे. ते निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. काश्मीरच्या पेटीत फळांना गुंडाळलेले उर्दू वर्तमानपत्रांचे कागद आम्ही फेकायला निघालो की ते अडवायचे. मांडीवर कागद सपाट करायचे, एका हातात अर्धं सफरचंद, दुसऱ्या हातात चमचा, आणि महिनाभरापूर्वीची सोपोरच्या पावसाची बातमी आम्हाला मराठीत करून सांगायचे. बातमी संपेपर्यंत सालीची वाटी तेवढी हातात उरलेली असायची.